बांधीत उभं राहून पाहताना

(कामठा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



'रोजच्या जगण्यातलं सौंदर्य' हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी फोनवर जरा अंदाज घेतला. "विषय चांगलाच आहे, पण तासभर पुरेल एवढं आहे का त्यात?" असं त्यांनी अदबीनं विचारलं. शंका रास्त होती. व्याख्यानाला माणूस येतो तो घरी-शेतात जे भेटत नाही ते ऐकायला. निघताना जे अंगणात सोडून आलो, त्याच्याबद्दलच कोणी तासभर बोलणार असेल तर कशाला यायचं? पण ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, ते गुरुजी वर्गात मध्येच पुस्तक मिटायचे आणि खिडकीबाहेर काय चाललंय ते सांगा म्हणायचे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आणि धीर आला.

कामठ्याचं नाव इतिहासात शोधलं, की ते १८१८ सालापाशी सापडतं. नागपूरकर भोसल्यांचा पाडाव झाला, इंग्रज या मुलखात शिरले आणि कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. उठाव मोडला, जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. त्यानंतर कामठा कागदोपत्री दिसतं ते जमीनदारीचं ठिकाण म्हणून. मग एकदम १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याची नोंद. मधल्या पावसाळ्यांत इथं काय घडलं? रोवणी झाली. १८१८ च्या पावसाळ्यातसुद्धा झालीच असणार. घोड्यांच्या टापा वाजत असतील, वाड्यात खलबतं चालली असतील, आणि तरी पऱ्हे उपटायला आले म्हणून कोणीतरी गुडघाभर चिखलात वाकलेलं असेल. मृग, आर्द्रा, पुनर्वसू लढाईसाठी थांबत नाहीत. चिमणा पटेलांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, असायलाच हवं. त्या वर्षी ज्यांनी धान लावलं म्हणून पुढच्या वर्षी गाव जेवलं, त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्यापाशी नाही.

रोजच्या जगण्याबद्दल बोलायचं ते या माणसांना समोर ठेवून. आणि बोलण्याआधी एक खबरदारी घ्यायला हवी, कारण हा विषय फार लवकर गोडगोड होतो.

जुलै-ऑगस्टात रोवणीचे फोटो सगळीकडे फिरतात. हिरवे पऱ्हे, पाण्यात पडलेलं आभाळ, रंगीत लुगड्यांची रांग. खाली लिहिलेलं असतं, साधेपणातलं सौंदर्य. फोटो काढणारा धुऱ्यावर उभा असतो. त्याच्या पायाला चिखल्या झालेल्या नसतात. बोटांच्या बेचक्यांत सडलेल्या कातडीची आग होते, रात्री त्यावर काहीबाही लावून झोपावं लागतं आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरावं लागतं, हे त्या चौकटीत मावत नाही. म्हणून 'गरिबी असली तरी खेड्यातली माणसं किती समाधानी' असं कोणी म्हणालं, की मला राग येतो. असं म्हणणारा बहुधा त्यांच्या मजुरीबद्दल बोलायचं टाळत असतो.

मग चिखलात सौंदर्य नाहीच का? आहे, आणि ते धुऱ्यावरून दिसतं त्यापेक्षा जास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की रोजच्या गोष्टीतलं सौंदर्य सर्वांत आधी आणि सर्वांत नीट दिसतं ते तिथं रोज हात घालणाऱ्याला. त्यासाठी कवी असावं लागत नाही, फुरसतही लागत नाही. लागतं ते अवधान, आणि अवधान कामातच तयार होतं.

रोवणीच घ्या. ज्यांनी केली आहे त्यांना मी नवीन काय सांगणार, पण शहरातून आलेली काही मुलं समोर दिसतात म्हणून सांगतो. रोवणारी मागे मागे सरकत जाते. पाठीमागे चिखल, आणि डोळ्यांसमोर कायम तिनं आत्ताच लावलेलं धान. जे लावायचं आहे ते तिला दिसत नाही, झालेलं काम दिसत राहतं. एका चुडात रोपं किती, बोट किती खोल जायला हवं, दोन चुडांत अंतर किती, हे ती मोजत नाही. हात मोजतात. खोल गेलं तर फुटवे कमी, वरवर राहिलं तर पाण्यावर तरंगतं. बांधीत एका कोपऱ्याला पाणी जास्त, दुसऱ्याला कमी, तर हाताचा अंदाज तिथल्या तिथं बदलतो. शेजारणीशी बोलणं चालू असतं, मध्येच एखादं गाणं उचललं जातं, सासूची नक्कल होते, आणि ओळ मात्र मोडत नाही. सायंकाळी पूर्ण बांधी भरली की एखादी धुऱ्यावर चढून कंबर सरळ करते आणि वळून एकदा बघते. ते बघणं मजुरीत धरलेलं नाही. तरीही ती बघते.

हे मी रंगवून सांगत नाही. गुत्त्यानं काम घेतलेली टोळी असली तरी हे होतं, आणि तेव्हा तर ओळ वाकडी गेली तर कोणी विचारणारही नसतं.

अवधानातून काय निघतं याचा आपल्या भागातला सगळ्यात मोठा दाखला दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, शेत दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल-३' नावाचं धान उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बाकीच्यांपेक्षा निराळा. आता विचार करा. दीड एकर धानात लोंब्या किती असतील? लाखांनी. त्यातल्या तीन. त्या शेतातून त्या दिवसांत आणखीही माणसं गेली असतील, पण पाहिल्या यांनी. दादाजींनी त्या तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध थोडक्या जागेत ते दाणे लावले आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काटेरी झुडपं लावली. मग वर्षामागून वर्ष निवड. भेसळ काढायची, चांगलं ठेवायचं, शिजवून चव बघायची. दाणा बारीक, भात मोकळा आणि चवदार. १९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात हे धान आलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळी मनगटावर मिरवायच्या घड्याळाचं नाव व्यापाऱ्यानं त्याला देऊन टाकलं: एचएमटी. आज आपण दुकानात 'एचएमटी द्या' म्हणतो, तेव्हा दादाजींचं बोट धरूनच म्हणतो, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

दादाजींनी पुढे आणखी वाणं काढली. नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपकरत्न, आणि स्वतःच्या आद्याक्षरांची डीआरके. २००५ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं त्यांची दखल घेतली. कृषी विद्यापीठानं एचएमटीचीच शुद्ध करून घेतलेली जात 'पीकेव्ही-एचएमटी' नावानं बाजारात आणली. श्रेय कोणाचं आणि किती, हा वाद बरीच वर्षं चालला. अनेक राज्यांतल्या शेतांत त्यांचं धान उभं असताना दादाजी आजारपण आणि पैशाची चणचण सोसत होते. ३ जून २०१८ ला ते गेले.

दादाजींची गोष्ट सांगताना लोक शेवटी 'पाहा, इच्छा असेल तर माणूस काय करू शकतो' असं म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या तीन लोंब्या इच्छेनं दिसल्या नाहीत. पाच-पंचवीस पावसाळे त्याच बांधीत वाकून काढल्यावर 'नेहमीचं' काय ते डोळ्यांत इतकं पक्कं बसतं, की निराळं काही आलं तर टोचतं. नेहमीच्या गोष्टीचा कंटाळा येतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती पुरेशी पाहिलेली नसते तोवरच कंटाळा येतो.

दाण्याबरोबर पाण्याचंही बोलायला हवं. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर भरते. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उतार पाहून, माती पाहून बांधलेले हे तलाव. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. व्हायलाच हवं होतं ते. पण पाळीनं गाळ काढायची, पाळ सांभाळायची जी गावाची सवय होती, तीही हळूहळू गेली. तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली.

याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढिवर समाजाबरोबर या तलावांवर काम करते. त्यांच्या कामाचा मला आवडलेला भाग असा, की सुरुवात यंत्रानं गाळ उपसण्यापासून झाली नाही. ढिवरांना विचारण्यापासून झाली. पूर्वी या पाण्यात कुठल्या वनस्पती होत्या, कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कोण काठाला राहतं आणि कोण खोल पाण्यात. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जाळी टाकली त्यांना हे पाठ होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. मग बेशरम उपटली, गाळपेर जमीन नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि नाहीसे होत चाललेले स्थानिक मासे परत येऊ लागले. तलावातली देवधानाची हिरवी पट्टी पाहून आपण 'वा' म्हणतो. ढिवराला त्यात पुढच्या हंगामाचं जेवण दिसतं. दोघांपैकी कोणाचं पाहणं अधिक सुंदर, हा प्रश्न मी इथंच सोडतो, पण अधिक खरं कोणाचं हे स्पष्ट आहे.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. पक्ष्यांचं, माशांचं, झाडांचं जे ज्ञान त्यांनी मराठीत आणलं, त्यातलं बरंचसं माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या तिथल्या जाणकारांकडून मिळालं, हे ते स्वतःच सांगत. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांचा मोठेपणा मला भाषेइतकाच या गोष्टीत वाटतो, की त्यांनी ऐकलेल्या माणसांची नावं लिहून ठेवली.

आता आपल्या बांधीतल्या पाहुण्याविषयी. पाहुणा कसला, घरचाच. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, माणसाच्या बरोबरीला येणारा. महाराष्ट्रात तो उरला आहे तो बहुतांशी गोंदियात आणि थोडाफार भंडारा जिल्ह्यात. वाघ-वैनगंगेच्या काठच्या गावांत, आणि तेही काही डझन. तो घरटं जंगलात बांधत नाही. धानाच्या बांधीत, पाणी असेल तिथं, तणस-गवताचा ढीग रचतो. बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवणं, नर-मादी आळीपाळीनं बसणार. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत हे होतं त्याचं तेवढं धान गेलं. तो काय करतो? निंदण करणाऱ्या बायांना तेवढा तुकडा सोडून जायला सांगतो. कुत्री आली तर हाकलतो. सारस वाचवण्यासाठी संस्था राबल्या, वन विभाग राबला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, दरवर्षी मोजणी होते. हे सगळं हवंच. विजेच्या तारांना धडकून सारस मरतात, फवारणीनं मरतात, त्याला न्यायालय आणि सरकारच लागतं. पण अंड्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंतचा तो महिना एका शेतकऱ्याच्या मर्जीवर असतो. सारसाची जोडी पाहायला दुरून येणारे लोक दुर्बीण लावून धन्य होतात. शेतकऱ्याचं आणि त्या जोडीचं नातं निराळं. 'यंदा उशिरा आले' असं तो म्हणतो, जावयाबद्दल बोलावं तसं.

थोडं दूर जाऊ या, जपानला. यानागी सोएत्सु नावाचे एक विचारवंत होऊन गेले. सामान्य कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंमध्ये सर्वोच्च सौंदर्य असतं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. क्योतोच्या एका देवळात एक वाडगा जपून ठेवला आहे, किझाएमोन नावाचा. चहाच्या विधीतला जपानमधला सर्वांत मानाचा वाडगा, राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित. १९३१ साली यानागींना तो पाहायला मिळाला. पेटीत पेटी, रेशमात गुंडाळलेला. उघडल्यावर त्यांना दिसलं ते काय? कोरियातल्या गरीब माणसाचं रोजचं, भात खायचं भांडं. जाडसर माती, घाईत फिरवलेलं चाक, ओघळलेली झिलई. घडवणाऱ्यानं ते सुंदर व्हावं म्हणून घडवलं नव्हतं, दिवसाला कित्येक भांडी काढणारा हात होता तो. आणि म्हणूनच ते सुंदर आहे, असं यानागींनी लिहिलं.

यानागींवर माझी श्रद्धा आहे, तरी इथं मी अडतो. तो वाडगा आता भातासाठी कोणी वापरत नाही. तो रेशमात गेला. घडवणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही, पण तो ज्यांच्या हातून फिरला त्या धनिकांची नावं माहीत आहेत, किझाएमोन हे नावसुद्धा एका मालकाचंच. सामान्याचा असा गौरव झाला की सामान्य माणूस त्यातून बाहेर पडतो. आपल्याकडेही हे होतं. जात्यावरच्या ओव्यांवर आपण किती हळवं बोलतो! साने गुरुजींनी त्या जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या, हे फार मोलाचं काम झालं. बहिणाबाई चौधरी घरात-शेतात राबता राबता रचत गेल्या, सोपानदेवांनी कागदावर उतरवलं, अत्र्यांनी ओळखलं, आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. पण गावात पिठाची चक्की आली तेव्हा बाईनं पहाटे उठून दळणं थांबवलं. तिनं बरं केलं. आपल्याकडे उखळ-मुसळ गेलं, हलर आला, मग गोंदियाच्या राईस मिला. कांडणाचा ताल गेला म्हणून मी रडणार नाही. दोन तास जास्त झोप मिळालेल्या बाईचा चेहरा कुठल्याही ओवीइतकाच पाहण्यासारखा असतो.

सामान्य माणसाला बाहेर ठेवून सामान्याचा गौरव होत नाही, हे झाडीपट्टीला शिकवावं लागत नाही, म्हणून मला हा मुलूख आवडतो. इथं काम आणि कला यांच्यात भिंत नाही. धान कापून पुंजण्यात रचलं, दिवाळी झाली, की गावोगावच्या मंडया सुरू. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. वडशाच्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र जागवतात; या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी रंगभूमी कुठे आहे ते शोधावं लागलं. दंडारीत बाईचं पात्र करणारा गडी दुसऱ्या दिवशी खळ्यावर चुरण्याला हजर असतो, आणि कालची लकब त्याच्या चालण्यात थोडी उरलेली असते. कोणी हसलं तर तो मुद्दाम आणखी एकदा तसा चालतो.

आता मुद्द्याचं एक काम सुचवतो आणि थांबतो.

२००२ मध्ये जैवविविधता कायदा झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिनं गावाची लोक-जैवविविधता नोंदवही करावी, असं त्या कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी ठरलं. २०२० च्या सुमारास देशभर अनेक ठिकाणी या वह्या मुदत गाठण्यासाठी घाईनं भरल्या गेल्या. कुठे तर एका गावची यादी दुसऱ्या गावाला चालली. कामठ्याची वही काढा. पाहा त्यात काय आहे. मग ती नव्यानं भरा. कुठल्या बांधीला काय नाव आहे, कुठल्या बोडीत पाणी किती दिवस टिकतं, कुठलं जुनं धान कोणाच्या कोठीत अजून बियाण्यापुरतं राखलेलं आहे, धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी फेकायचा नेमका दिवस कसा ओळखतात, पावसाळ्यात धुऱ्यावर कुठल्या भाज्या उगवतात आणि त्यातली कुठली दुसऱ्या पाण्यात शिजवावी लागते. हे सांगू शकणाऱ्या बाया या सभेत मागच्या रांगेत बसल्या आहेत, आणि काही जणी आल्याच नाहीत कारण त्यांचा आजचा दिवस कामाचा आहे.

तेव्हा त्यांना बोलवायचं तर त्या दिवसाची मजुरी द्या, आणि पुरुषाइतकी द्या. प्रत्येक नोंदीखाली सांगणारीचं पूर्ण नाव लिहा. शाळेतली मुलं लिहून घेतील, त्यांचं अक्षर चांगलं असतं. माझ्या मानधनाचं पाकीट मी संयोजकांकडे परत देतो आहे, त्यात पहिल्या बैठकीला चार-दोघींची मजुरी निघेल. पोळा झाला की निंदणाचा जोर ओसरतो, तेव्हाचा एखादा दिवस धरा. कोणाला बोलवायचं, ती नावं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.